कापराची पुरचुंडी आणि बोटावरचा ऑक्सिमीटर

थंडी पडली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हजर होतो. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत पुण्यात हॉस्पिटलची खाट मिळता मिळत नव्हती तेव्हा, तो पहिल्यांदा आला होता: ‘कापूर, लवंग, ओवा रुमालात बांधा, वर निलगिरीचे चार थेंब टाका, दिवसभर हुंगा. ऑक्सिजन वाढतो. ऋषिमुनींचा उपाय, शंभर टक्के नैसर्गिक, अपाय शून्य.’ यंदा त्याला शेपूट फुटलंय: ‘खोकल्यावर दोन थेंब कोमट पाण्यातून घ्या, तान्ह्या बाळाच्या नाकाखाली लावा.’

आधी ऑक्सिजन. हवेत तो २१ टक्के असतो, पुरचुंडीने त्यात कणभर भर पडत नाही. मग मोकळं का वाटतं? निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य सिनिओल आणि कापूर नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या नसा चेतवतात, आणि मेंदूला वाटतं, वारा आत येतोय. नाकातला अडथळा मोजून पाहिला तेव्हा तो होता तेवढाच निघाला. हे १९८३ सालीच प्रयोगात दिसलंय. मीही एकदा पुरचुंडी हुंगत, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावून बसलो. आधी ९७, नंतरही ९७. (एका बोटाला कुणी संशोधन म्हणणार नाही, पण मेसेजमागे तेवढंही नाही.) त्या एप्रिलमध्ये भीती याचीच होती: आकडा ९०च्या खाली, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून माणूस घरीच.

ऋषिमुनींचं म्हणाल तर निलगिरीचं झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. आपल्याकडे ते टिपू सुलतानाच्या काळात कर्नाटकातल्या नंदी टेकडीवर लागलं. पुढे इंग्रजांनी सरपणासाठी निलगिरीच्या डोंगरात लावलं, त्यावरून हे नाव.

‘नैसर्गिक म्हणून अपाय शून्य’ हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. धोतराही नैसर्गिकच की! निलगिरीचं तेल म्हणजे पानांचा काढा नव्हे, ढीगभर पानांचा अर्क एवढ्याशा बाटलीत आलेला असतो. लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी गुंगी, झटके येऊ शकतात. कापराचंही तेच. मोठी माणसंही सुटत नाहीत: दक्षिण भारतातल्या काही रुग्णालयांनी झटके आलेल्या ३५० प्रौढांचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ५५ जणांच्या झटक्यांचा संबंध निलगिरी आणि कापूर असलेल्या तेला-बामांशी आढळला. घरात कुणाला फिट येत असतील तर ही बाटली आणूच नका.

तेलात औषधी गुण नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत दम्याच्या ३२ रुग्णांपैकी निम्म्यांना शुद्ध सिनिओलच्या २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून तीनदा, १२ आठवडे दिल्या आणि बाकीच्यांना औषध नसलेल्या, तेव्हा सिनिओलवाल्यांची स्टेरॉइडची गरज जास्त कमी झाली. पण ती मोजून भरलेली कॅप्सूल होती, डॉक्टरांच्या नजरेखाली. ‘दोन थेंब’ म्हणजे किती, हे बाटलीचं तोंड केवढं यावर ठरतं.

तान्ह्या बाळाच्या नाकाखाली तर हे लावूच नका, त्याचा श्वास अडकू शकतो. आणि मुलाने तेल प्यायलंच, तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. १०८ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, त्यात किती उरलंय ते डॉक्टर विचारतील.