‘जुन्या बोलेरोत चाइल्ड सीट नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला, खाली कुणाचं नाव नाही, मथळा ‘पालकांनो सावधान, जुन्या गाडीत चाइल्ड सीट म्हणजे बाळाला फास’. दुसऱ्या दिवशी विट्याहून ताईचा फोन, की दाजींनी बोलेरोतली सीट काढून माळ्यावर टाकली, आता पोरीला मांडीवरच घेऊन यायचं. भाची दहा महिन्यांची आहे. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय, आणि चिडूनच लिहितोय.

मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे: जुन्या गाडीत आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायला कंपनीनंच गाडीच्या बॉडीला दिलेल्या कड्या) नसतं म्हणून सीट बसतच नाही, बसवायचीच असेल तर गॅरेजमधून कड्या वेल्ड करून घ्या नाहीतर नायलॉनच्या दोरीनं बांधा, त्यापेक्षा आईची मांडी बरी आणि आईनं एकाच बेल्टमध्ये बाळालाही घ्यावं, जुनी गाडी लोखंडाची असते तिला काही होत नाही, आग लागली तर बाळ अडकतं, आणि जुन्या गाड्यांना कायद्यात सूट आहे.

आधी मांडीचं बोलू, कारण यातच जीव जाणार आहे. पन्नासच्या स्पीडनं चाललेली गाडी कशावर तरी आदळून थांबते तेव्हा दहा किलोचं बाळ पुढं जातं ते दोनशे किलो किंवा त्याहून जास्त ओढीनं, म्हणजे साखरेची चार पोती एका झटक्यात हातातून सुटायला बघतायत असं समजा. कुठल्या आईच्या हातात तेवढा जोर आहे? माया कितीही असू दे, हात उघडणारच. आणि पन्नास म्हणजे काही फार नाही हो, विट्याहून तासगावमार्गे सांगलीला येताना सगळे त्याच्या वर चालवतात, सीझनमध्ये रात्री पुढं बिनारिफ्लेक्टरची ऊसाची ट्रॉली कधी दिसेल सांगता येत नाही.

एकाच बेल्टमध्ये दोघं, हा सल्ला तर मांडीपेक्षाही वाईट आहे. बेल्ट ताणला जातो तेव्हा पुढं बेल्ट, मागं आई, मधे बाळ. आई साठ किलोची धरली तर वरच्याच हिशोबानं तिचं वजन टनाच्या वर जातं आणि ते सगळं बाळाच्या छातीपोटावर येतं. म्हणजे जिनं वाचवायचं तिच्याच अंगाखाली बाळ चिरडायचं. हे ज्यानं लिहिलं त्यानं एक मिनिट तरी विचार केला होता का? ताईला मी फोनवर एवढंच सांगितलं, बाकी काही ऐकू नको पण हे अजिबात करू नको.

आता आयसोफिक्स. इथं मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस, टवेरात आयसोफिक्स नसतं, आणि आयसोफिक्स असलं की सीट चुकीची बसायची शक्यता कमी होते हेही खरं. काही सीटा तर फक्त आयसोफिक्सवरच चालतात, बेल्ट घालायला त्यांना जागाच नसते, तसली घेतली तर जुन्या गाडीत तिचा काही उपयोग नाही. पण त्यावरून ‘सीट बसतच नाही’ कुठून आलं? आयसोफिक्स निघायच्या आधीपासून जगभर चाइल्ड सीट गाडीच्या बेल्टनंच बसवतायत आणि आजही तशा सीटा मिळतात. सीटवर गोलात ई असलेलं नारिंगी स्टिकर बघा, त्यावर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं असलं आणि सोबत आयसोफिक्सचा उल्लेख नसला की ती गाडीच्या बेल्टनं बसवायची सीट. कुठल्या प्रकारचा बेल्ट लागतो तेही सीटच्या पुस्तकात दिलेलं असतं.

खरा प्रश्न बेल्टचा आहे आणि त्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही! मधल्या रांगेत कडेला खांद्यावरून येणारा तीन पॉइंटचा बेल्ट आहे का ते आधी बघायचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत मधोमध नुसता कमरेचा बेल्ट असतो, बहुतेक सीटा त्यावर चालत नाहीत, आणि मोठ्या पोरांचा बूस्टर (पोराला उंच बसवणारी सीट) तर कमरेच्या बेल्टवर कधीच नाही. डिकीतल्या आडव्या, समोरासमोरच्या बाकड्यांवर चाइल्ड सीट ठेवायचीच नाही, तिथं ती कुठल्याही बेल्टनं बांधली तरी चुकीचीच. पुढं ड्रायव्हरशेजारी ठेवली तर लक्ष राहतं असं दाजी म्हणत होते. मागं तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर ठेवली तर एअरबॅगच बाळाला मारते, जुन्या बोलेरोत एअरबॅग नाही म्हणून तो धोका नाही, पण तरी जागा मधल्या रांगेचीच.

बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. कुठं उसवलाय का, उन्हानं कडक झालाय का, सोडल्यावर स्वतः आत जातो का, झटका दिला की अडकतो का. यातलं काही बिघडलेलं असेल तर नवा बेल्ट टाकून घ्या, भंगारातल्या गाडीचा काढून आणू नका, तो आधी अपघातात ताणला गेलाय का हे कळत नाही. नवा बेल्टही कंपनीनं दिलेल्या जागीच लावायचा, तिथं पत्र्याला मागून जाड मजबुती दिलेली असते. भलतीकडं पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारला तर झटक्यात बोल्टसकट पत्रा फाटून येईल.

बसवताना सीटवर गुडघा टेकवून अंगाचं वजन द्यायचं आणि बेल्ट ओढून घ्यायचा. मागं तोंड करून बसवताना बेल्ट निळ्या खुणांतून, पुढं तोंड असेल तर लाल खुणांतून. आपल्याकडचे बहुतेक बेल्ट एरवी सैल सुटतात, झटका बसला तरच अडकतात, म्हणून सीटवर बेल्ट धरणारं लॉक असेल तर ते नीट बंद करा. मग जिथून बेल्ट जातो तिथं सीट धरून हलवायची, अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर परत बसवा. जुन्या गाड्यांत दोन अडचणी येतात, बेल्ट लांबीला कमी पडतो किंवा बकल सीटच्या कडेवरच येऊन बसतं, तसं झालं तर दुसऱ्या जागी बघा नाहीतर दुसरी सीट बघा, ताणून जमवू नका. आणि विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला सांगा की गाडीत लावून बघणार. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

वेल्डिंगच्या कड्यांबद्दल. आयसोफिक्सच्या कड्या सहा मिलिमीटरच्या असतात, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर, मापं कुणीही घेईल, आपल्या कुपवाड एमआयडीसीत कुणीही तासाभरात वाकवून देईल. पण त्या बॉडीत कुठं आणि कशावर धरल्यात यावर सगळं अवलंबून आहे, आणि शिवाय सीट पुढं उलटू नये म्हणून वरचा पट्टा नाहीतर खाली टेकणारा पाय लागतोच. कारागीर कितीही चांगला असू दे, त्याचं हे वेल्डिंग कुणी आदळून तपासलेलं नाही. दोरीचं तर बोलायलाच नको.

ज्यांना पुरावा पाहिजे त्यांच्यासाठी एकच देतो. अमेरिकेची सरकारी रस्ता सुरक्षा संस्था एनएचटीएसए सांगते की चाइल्ड सीटमुळं कारमध्ये जीव जायचा धोका एक वर्षाच्या आतल्या बाळांना ७१ टक्के आणि एक ते चार वर्षांच्या मुलांना ५४ टक्के कमी होतो. आणि एसयूव्ही, व्हॅन, पिकअप अशा गाड्यांत तेच आकडे ५८ आणि ५९ आहेत. म्हणजे दाजींच्या गाडीसारख्या उंच गाड्यांचा वेगळा हिशोब काढलाय त्यांनी, आणि तिथंही धोका निम्म्याहून जास्त घटतो. सीट बरोबर बसवलेली पाहिजे, हे अर्थातच.

लोखंडाची गाडी. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपनं (गाड्या आदळवून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटरनं आदळवली, मोठ्यांच्या सुरक्षेला शून्य स्टार. एवढी दणकट दिसणारी गाडी, शून्य. आणि बाहेरचा पत्रा वाचला म्हणून आतलं बाळ थांबत नाही, ते डॅशबोर्डपर्यंत जातंच.

आगीचं: पट्टे सोडायला मधे एकच लाल बटण असतं, ते दाबायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा. मोकळं बाळ अपघातात गाडीत कुठं फेकलं जाईल ते आधी शोधावं लागेल, त्याचं काय?

कायद्यात सूट आहे हे साफ खोटं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आलं, चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड, त्यात गाडी किती जुनी याचा उल्लेखच नाही. रस्त्यावर याची पावती फाडताना मी कुणाला बघितलं नाही ते सोडा.

दाजी, सीट माळ्यावरून काढा. रविवारी मी येतो, बोलेरो सावलीत लावून ठेवा आणि सीटबरोबर आलेलं पुस्तक शोधून ठेवा, ते नसेल तर सीटवरच्या स्टिकरचा फोटो आजच पाठवा.