दहा मिनिटांत दहा पिढ्या? आधी ते कागद तरी बघा

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपांतून आला. सार असं: "इंग्रज हिशेबाला पक्का. १८०१ पासून दर दहा वर्षांनी देशातल्या प्रत्येक माणसाचं नाव सरकारी वहीत. त्याआधीचं सगळं चर्चच्या वहीत, जन्मतारखेसकट. आडनावाचं स्पेलिंग जुळलं की घराणं जुळलं. जनगणनेत नाव नसेल तर माणूस वारला समजा. सगळं ऑनलाइन आणि फुकट. दहा मिनिटांत दहा पिढ्या!" शेवटी आपल्याकडच्या कारभाराला दोन टोमणे.

टोमण्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण मी नोकरीची बरीच वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली आहेत आणि निवृत्तीनंतर गेली तीन वर्षं जावयाच्या घराण्याचा माग काढतो आहे. जावई इंग्लंडमधल्या लेस्टरचा. पूर्वज तिथून जवळच्याच हिंकली गावचे, हातमागासारख्या चौकटीवर मोजे विणणारे. दहा मिनिटांचं म्हणाल तर तेवढ्यात माझा पासवर्डसुद्धा आठवत नाही.

सुरुवात १८०१ पासून करू, कारण गाडी तिथेच घसरते. १० मार्च १८०१ ला पहिली खानेसुमारी झाली हे खरं. पण ती नुसती मोजदाद होती: घरं किती, पुरुष किती, बायका किती, शेतीवर किती, धंद्यात किती. १८११, १८२१ आणि १८३१ लाही तोच प्रकार. नावं सरकारने मागितलीच नव्हती. काही गावांत मोजणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी नावांची यादी केली आणि त्यातल्या थोड्या टिकल्या. आपल्या गावची सापडली तर नशीब समजायचं. देशभर नावानिशी मोजणी पहिल्यांदा झाली ती ६ जून १८४१ च्या रात्रीची.

आणि तीही कशी, ते पान उघडून बघा. बऱ्याच वह्या पेन्सिलीने लिहिलेल्या, आता फिकट पडलेल्या, वर नंतरच्या कारकुनांनी बेरजा करताना मारलेल्या खुणा. एक तिरकी रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन रेघा म्हणजे घर संपलं. कोण कोणाचा कोण, हे लिहिलेलंच नाही. एका छपराखाली एक पुरुष, एक बाई आणि तीन मुलं दिसली की आपण नवरा-बायको-मुलं धरून चालतो. ती बहीण-भाऊ आणि भाचरंही असू शकतात. जन्मगाव नाही. 'याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्म झाला का', एवढाच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. धंद्याच्या रकान्यात जागोजागी 'ॲग लॅब'. माझ्या नातीला वाटलं, पणजोबांचे पणजोबा प्रयोगशाळेत होते. ते शेतमजूर होते. 'ॲग्रिकल्चरल लेबरर' पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून केलेला तो संक्षेप.

वयाची तर गंमतच. पंधराच्या पुढच्या माणसाचं वय पाचच्या पटीत खाली आणून लिहा, अशी सूचना होती. चोवीसचा माणूस वीसचा, एकोणसाठचा पंचावन्नचा. सगळ्यांनी ती पाळली नाही, पण बहुतेकांनी पाळली. जावयाचा पूर्वज जॉन १८४१ ला २० वर्षांचा आहे आणि १८५१ ला ३४ चा. दहा वर्षांत चौदा वर्षांनी वाढलेला माणूस बघून मी आधी दोन जॉन आहेत असंच समजलो होतो. महिनाभर गेला त्यात.

खरा उपयोगी कागद सुरू होतो १८५१ पासून. कुटुंबप्रमुखाशी नातं, पुरं वय, लग्न झालंय की नाही, जन्माचं पॅरिश, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतला जन्म. माझं मत विचाराल तर नवख्याने १८४१ ला हातच लावू नये. १८८१ पासून मागे यावं. १८८१ ची संपूर्ण यादी स्वयंसेवकांनी उतरवून काढलेली आहे आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर ती खरोखरच फुकट शोधता येते. पण १८५१ नंतरही शब्द जपून वाचायचे. हिंकलीच्या एका घरात मला नऊ वर्षांचा जावई भेटला! रकान्यात स्वच्छ अक्षरात 'सन-इन-लॉ'. त्या काळी हा शब्द सावत्र मुलासाठीही सर्रास वापरायचे. बाईचं दुसरं लग्न झालं होतं, मुलगा पहिल्या नवऱ्याचा. आईचं पहिलं लग्न शोधायचा धागा त्या एका शब्दात होता.

आता "प्रत्येकाचं नाव पक्कं" याबद्दल. घरोघर कोरे फॉर्म वाटायचे, घरधन्याने भरायचे, ज्याला लिहिता येत नाही त्याचा प्रगणकाने भरायचा. मग प्रगणक ते सगळे आपल्या वहीत उतरवायचा. १८४१ ते १९०१ चे मूळ फॉर्म नष्ट केले गेले, उरल्या त्या प्रगणकांच्या वह्या. म्हणजे आपण वाचतो ती नक्कल, आणि ऑनलाइन शोधतो ती त्या नकलेची आणखी कोणीतरी केलेली नक्कल. वय सांगणाऱ्यालाही ते नक्की ठाऊक असेल असं नाही. आपल्याकडे मागच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला का असायचा, हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. जन्मगावाचंही तसंच: एकदा जन्मलेलं गाव, पुढच्या वेळी वाढलेलं गाव, तिसऱ्यांदा जवळचं मोठं शहर.

"चर्चच्या वहीत जन्मतारीख" हा फॉरवर्डमधला सगळ्यात ठाम आणि सगळ्यात चुकीचा भाग. आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ ला वह्या ठेवायचा हुकूम काढला तो बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्यासाठी. जन्मासाठी नाही. बाप्तिस्मा जन्मानंतर आठवड्याने झाला असेल, वर्षानेही. चार भावंडांचा एकाच रविवारी उरकलेलाही दिसतो. तारीख आहे ती पाद्र्याच्या कामाची, बाळाच्या येण्याची नाही. एखादा कष्टाळू पाद्री जन्मतारीख समासात लिहून ठेवायचा, तेवढाच अपवाद.

१८१३ पासून छापील नमुना आला, त्यामुळे नोंदी तरी एकसारख्या झाल्या. बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी: तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, पाद्र्याची सही. आईचं माहेरचं आडनाव? त्याला रकानाच नाही. त्याआधीच्या नोंदीत 'जॉन, विल्यमचा मुलगा' एवढंही पुष्कळ असायचं. आणि एका पॅरिशमध्ये एकाच आडनावाचे तीन विल्यम असले की डोकं धरून बसायचं.

आमच्या जॉनचंच घ्या. ऑनलाइन लोकांनी टाकलेल्या सात वंशवृक्षांत त्याचा बाप्तिस्मा १८१३ चा दाखवलाय. सातही ठिकाणी तीच तारीख, म्हणून मीही निर्धास्त होतो. मग सवयीने दफनाची वही उघडली. पेन्शन मिळाली तरी कारकुनाची खोड जात नाही. १८१४ च्या पानावर तोच जॉन, वय नऊ महिने. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची तिथे रीत होती. आमचा जॉन म्हणजे धाकटा, १८१६ चा. १८५१ चं ३४ वय त्यालाच जुळतं. सात जणांनी एकमेकांचं उतरवलं होतं आणि नऊ महिन्यांच्या तान्ह्या बाळाला सात ठिकाणी लग्न, धंदा आणि आठ मुलं चिकटवली होती. सात साक्षीदार दिसले तरी साक्ष एकाचीच होती, आणि तीही ऐकीव.

लग्नाच्या वहीचं थोडक्यात. १७५४ पासून १८३७ च्या मध्यापर्यंतच्या नोंदीत वधूवरांची नावं, पॅरिश, सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार. बापाचं नाव नाही. ते येतं १ जुलै १८३७ नंतर, बापाच्या धंद्यासकट. वयाच्या जागी मात्र पुष्कळदा नुसतं 'फुल एज', म्हणजे एकवीस पूर्ण. साक्षीदारांकडे दुर्लक्ष करू नका, बहुतेक वेळा ते भाऊ, बहीण, मेहुणे असतात.

शिवाय चर्च म्हणजे कोणतं चर्च? फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच आहे. ३० मार्च १८५१ ला इंग्लंडमध्ये प्रार्थनेला किती लोक गेले याचीही मोजणी झाली होती, आणि त्यातले जवळजवळ निम्मे अँग्लिकन चर्चच्या, म्हणजे या पॅरिशच्या वह्या ठेवणाऱ्या अधिकृत चर्चच्या, बाहेरचे निघाले. बाप्टिस्ट, मेथडिस्ट, कॅथलिक, क्वेकर. त्यांची मुलं पॅरिशच्या वहीत शोधून सापडत नाहीत म्हणजे ती जन्मलीच नाहीत असं नाही. बाप्टिस्ट तर तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत. सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ पासून आहे, पण न नोंदवल्याबद्दल आईबापांना दंड बसू लागला तो १८७५ पासून. मधल्या काळातली काही मुलं सरळ निसटली आहेत. या टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगतो, दंडाची तरतूद नसली की काउंटरवर किती लोक येतात ते मी पाहिलं आहे.

स्पेलिंगचं म्हणणं तर उलटंच आहे. आडनावाचं एकच स्पेलिंग असतं ही आधार कार्डाच्या काळातली कल्पना. ज्याला सही करता येत नाही, त्याचं आडनाव ऐकणाऱ्याच्या कानाप्रमाणे कागदावर उतरतं. जावयाचं आडनाव 'ह'ने सुरू होतं आणि तिकडच्या बोलीत शब्दाच्या तोंडचा 'ह' गिळतात. १८६१ मध्ये हे कुटुंब मला 'ए' अक्षराखाली मिळालं. सापडलं कसं? आडनावाची जागा कोरी सोडली. नाव जॉन, वय ४२ ते ४६, जन्म हिंकली, बायको आणि थोरल्या मुलीचं नाव. आठ निकाल आले. एकाच्या धंद्यात 'एफ डब्ल्यू के' होतं, म्हणजे फ्रेमवर्क निटर, चौकटीवर मोजे विणणारा. त्या भागाच्या वह्यांत हा संक्षेप पानोपानी दिसतो.

नाव नसेल तर माणूस वारला, हे वाचून हसावं की रडावं. एक तर वह्याच गेल्या आहेत: १८४१ आणि १८६१ च्या लंडनमधल्या काही भागांच्या सापडत नाहीत, १८५१ च्या मँचेस्टर भागातल्या पाण्याने भिजून खराब झाल्या. दुसरं, त्या रात्री माणूस जहाजावर असेल, तुरुंगात असेल, वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या सरकारी घरात, असेल. काही तुरुंग आणि वेड्यांची इस्पितळं नुसती आद्याक्षरं लिहीत. तिसरी शक्यता आपल्या दाराशी आहे. पलटणीबरोबर परदेशी गेलेल्या शिपायांची नावनिशी यादी १९११ च्या आधीच्या जनगणनेत सहसा मिळत नाही. १८६१ ला इंग्लंडमधून गायब झालेला तरणा पोरगा खडकीच्या छावणीत धडधाकट असू शकतो. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या, दप्तरात 'एन ३' या खुणेखाली आहेत. जावयाच्या एका चुलत शाखेतला शिपाई मला तिथेच मिळाला, लग्न लावताना.

"सगळं ऑनलाइन आणि फुकट" यावर वेळ घालवत नाही. सूची पुष्कळ ठिकाणी फुकट, मूळ पानाचं चित्र बहुधा पैसे भरून, आणि गरिबांना कोणत्या पॅरिशने पोसायचं याचे जाबजबाब, अनौरस मुलाच्या बापाकडून घेतलेले हमीपत्र वगैरे खरा मसाला अजून पुष्कळसा काउंटीच्या अभिलेखागारात, नुसत्या खोक्यांत.

फॉरवर्डमध्ये नसलेला एक कागद मात्र मी सगळ्यांना बघायला सांगतो: २ एप्रिल १९११ ची जनगणना. तिचे मूळ घरगुती फॉर्म टिकले आहेत, घरधन्याच्या हस्ताक्षरात. त्यात लग्न झालेल्या बाईला विचारलंय: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं जिवंत जन्मली किती, हयात किती, वारली किती. विधवांनी उत्तर द्यायचं नव्हतं, तरी कित्येकींनी लिहिलं आणि तपासणाऱ्याने ते खोडलं. खोडलेलं अजून वाचता येतं. जॉनच्या नातवाच्या फॉर्मवर शाई थोडी फुटली आहे. लग्नाला २२ वर्षं, मुलं ९, हयात ५, वारली ४. ही चार मुलं एकाही जनगणनेत नाहीत. दोन मोजण्यांच्या मधल्या दहा वर्षांत आली आणि गेली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे तिकडच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या मुख्य कचेरीच्या, नव्या ऑनलाइन सूचीत जन्मनोंदीला आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. त्यावरून तिघं सापडली, दोन मुली आणि एक मुलगा. चौथं अजून नाही. माहेरच्या आडनावाची तीन स्पेलिंगं टाकून झाली, चौथं आज जेवण झाल्यावर टाकून बघतो.