काका, एकूण आकडा जुळतो, साइज जुळत नाही

काका, तुमची प्रतिक्रिया काल दुपारी वाचली, आणि रात्री दुकान वाढवल्यावर पुन्हा एकदा नीट वाचली. राग आला नाही. सासऱ्यांना वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "बघ, मी हेच सांगत होतो." त्यामुळे हे उत्तर अर्धं तुम्हाला आहे आणि अर्धं घरातच.

ज्यांनी मूळ वाद वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सांगलीतल्या आमच्या कपड्यांच्या दुकानात खाली रेडिमेड आहे, वर साड्या. तोच माल आमच्या वेबसाइटवरही विकला जातो. खालच्या मजल्यावर आम्ही आरएफआयडी टॅग (हातातल्या मशीनला रेडिओ लहरींनी लांबूनच वाचता येणारी चिपची लेबलं) लावले आणि ऑनलाइन ऑर्डरी रद्द करायची वेळ कमी झाली, असं मी मागच्या महिन्यात लिहिलं. त्यावर काकांचं म्हणणं असं: "ताई, चाळीस वर्षं काउंटरवर बसतोय. बारकोड आणि शिस्त असली की मालाचा मेळ बसतो. आमचा एकूण आकडा दर मार्चला जुळतो. तुमचं हे मॉलवाल्यांचं खूळ आहे. टोलनाक्यावर फास्टॅग धड वाचला जात नाही, तिथं तुमचा कपड्यावरचा कागद काय वाचणार? लेख मशीन विकणाऱ्याने लिहून दिल्यासारखा वाटला. आणि एवढं करून ऑर्डरी रद्द होतात त्या होतातच ना?"

मशीनवाल्याचं आधी. त्याने लिहून दिला नाही, उलट बिल मी भरलंय. पण लेखात नुसतं गोडच लिहिलं होतं हे खरं. ती चूक माझी.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते: एकूण आकडा जुळतो. काका, आमचाही जुळायचा. साडेचार हजार नगांत दहा-बारा इकडे तिकडे, आणि सासरे खूश. दुखणं त्या "एकूण" शब्दातच होतं, पण ऑनलाइन विकायला लागेपर्यंत ते कळलंच नाही.

शनिवारची संध्याकाळ घ्या. एक ताई तीन लेगिंग घेतात, तिन्ही एक्सएल: एक राणी, एक चिंतामणी, एक वांगी. तिन्हींची किंमत एकच, ३९९. मागे रांग लागलेली, कुणाचं तरी पोर रडतंय. काउंटरवरचा मुलगा राणी रंगाचा बारकोड मारतो आणि नग या खान्यात ३ टाकतो. बिल बरोबर, गल्ला बरोबर, एकूण नग बरोबर. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र राणीचे तीन गेले, चिंतामणी आणि वांगी जागच्या जागी. वांगी रंगातला एक्सएलचा तो शेवटचा नग होता. रात्री साडेअकराला पुण्याहून कुणीतरी वेबसाइटवर नेमका तोच मागवतं, पैसेही भरतं. सकाळी मी रॅक शोधते, माळा शोधते, ट्रायल रूममध्ये बघते, पुतळ्याच्या अंगावर बघते. मग फोन लावते, "मॅडम, सॉरी हं..." त्या मॅडम परत आमच्या वेबसाइटवर येतात असं वाटतं तुम्हाला?

काउंटरवर येणारं गिऱ्हाईक वांगी नाही म्हटल्यावर जांभळी घेऊन जातं, म्हणून दुकानात ही चूक दिसतच नाही. पुण्याच्या बाईंना वांगीच हवी असते.

तुम्ही म्हणाल, त्या मुलाला शिस्त लावा. लावली. ओरडलेही. आणि मग दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्याच काउंटरवर मी स्वतः बसले आणि दोन तासांत स्वतःच ३ टाकून मोकळी झाले. नंतर त्याच्यावर ओरडायचं बंद केलं.

हे आपल्याच दुकानात घडतं असंही नाही. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोन संशोधकांनी एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतल्या मालसाठ्याच्या जवळजवळ ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या होत्या, २००८ साली तो अभ्यास छापून आला. त्यातल्या ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. स्कॅनर, कॉम्प्युटर, पगारी माणसं, सगळं असताना. म्हणजे तुमचा मेळ बसतो म्हणता तेव्हा तुम्ही खोटं बोलताय असं नव्हे, तुम्ही बेरीज बघताय आणि मी एकेक ओळ बघतेय.

खरं तर या तंत्राच्या मागे अशीच एक रुखरुख आहे. केविन ॲश्टन नावाचा गृहस्थ प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत होता. कंपनीच्या लिपस्टिकची एक ठरावीक छटा त्याच्या जवळच्या दुकानात कधी मिळायची नाही, आणि कंपनीत विचारलं तर माल भरपूर आहे म्हणून उत्तर. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अशा टॅगवर काम करणारं ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं ते उभं करणाऱ्यांत हा होता. त्याची लिपस्टिक, माझी वांगी लेगिंग.

आता बारकोडबद्दल. बारकोड हा कुठल्या प्रकारचा माल आहे ते सांगतो. वांगी, एक्सएल, बस. रॅकवर तसे चार असले तर चारही नगांवर तोच आकडा. टॅगमध्ये प्रत्येक नगाचा स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे एकच नग दोनदा मोजला जात नाही आणि एक मारून ३ टाकायची सोयच उरत नाही. तुम्ही म्हणाल, बारकोडवरही नगागणिक वेगळा क्रमांक छापता येतो. येतो. वरच्या मजल्यावर साड्यांना आम्ही तेच करतो. फक्त मोजताना प्रत्येक नग हातात घ्यायचा, लेबल शोधायचं, उलटवायचं, लाल उजेड त्यावर पाडायचा. साडेचार हजार वेळा. म्हणून ती मोजणी मार्चअखेरीला होते, दोन दिवस शटर अर्ध्यावर ओढून, वडापाववर. मंगळवारी दुपारी सहज कुणी करत नाही.

टॅगमुळे माझ्या दुकानात बदललं ते एवढंच. मोजणी वर्षातून एकदा व्हायची ती आठवड्यातून एकदा होते. मंगळवारी गिऱ्हाईक कमी असतं, दोघी मुली हातातलं मशीन घेऊन रॅकच्या बाजूने चालतात, तासाच्या आत मजला होतो. कपडे हलवावे लागत नाहीत. टॅगला बॅटरी नसते, मशीनच्या रेडिओ लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो.

आणि एक गोष्ट मी लेखात चुकीची लिहिली होती, ती इथे सुधारते. "आरएफआयडीमुळे दुकान आणि वेबसाइट जुळले" असं लिहिलं होतं. तसं नाही. आमचं बिलिंग आणि वेबसाइट आधीही एकमेकांना मिनिटभरात निरोप देत होते. घरातली दोन घड्याळं एकमेकांशी लावून ठेवलीत पण दोन्ही दहा मिनिटं मागे आहेत, तसं चाललं होतं. टॅग घड्याळ बरोबर लावतो. दोन घड्याळं एकमेकांशी लावायचं काम सॉफ्टवेअरचं, आणि ते बिघडलं तर टॅग काही करू शकत नाही.

आकड्यावर भरवसा नव्हता तेव्हा मी एक नियम केला होता: तीनपेक्षा कमी नग असले तर तो रंग-साइज वेबसाइटवर दाखवायचाच नाही. आता आपल्यासारख्या दुकानात एका रंगाच्या एका साइजचे असतात किती? दोन, तीन, फार तर चार. म्हणजे निम्माअधिक माल मीच माझ्या हाताने झाकून ठेवला होता. ऑर्डर रद्द होत नव्हती कारण ऑर्डरच येत नव्हती. आता नुसता शेवटचा एक नग झाकते. दोन असले तरी दाखवते. पैसे वसूल झाले असतील तर ते इथे.

तो शेवटचा नग मात्र अजूनही दाखवायची हिंमत नाही. तुम्ही विचारलंत ना, ऑर्डरी रद्द होतातच ना? होतात. मागच्या महिन्यात दोन झाल्या. एकीत ऑर्डर आली तेव्हा दुकानात दोन कुर्ते होते. एकाची बटणं तुटलेली निघाली आणि दुसरा घालून एक मुलगी ट्रायल रूममध्ये आरशासमोर उभी होती. टॅगने नग दुकानात आहे म्हणून सांगितलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं! तिच्या अंगावरून काढून कुरिअरला देणार कसा?

फास्टॅगचं बोललात ते मला आवडलं, कारण जात तीच आहे. दोन्ही बिनबॅटरीचे, आपल्याकडे दोन्ही ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. पण नाक्यावर एक गाडी, एक टॅग आणि एकच संधी. नाही वाचला तर मागचा हॉर्न वाजवतो. दुकानात त्याच रॅकवरून आज दोनदा फिरता येतं, आणि एखादा राहिलाच तर पुढच्या मंगळवारी सापडतो. शिवाय काचेच्या आतला धातूचा थर किंवा चुकीच्या जागी चिकटवलेला स्टिकर तिथं नडतो, तसं इथं आम्हाला साड्यांची जर नडली.

म्हणजे वरच्या मजल्यावर. उत्साहाच्या भरात मी साड्यांनाही टॅग लावले होते. पैठणीच्या घडीत, पदराला लागून. जरीत धातू, आणि या लहरींचं धातूशी जमत नाही. मशीन फिरवलं तर सुती साड्या पटापट बोलल्या, भरजरी गप्प. सगळ्यात महागडा माल तोच, आणि तोच मशीनला दिसेना. मग टॅग घडीबाहेर दोऱ्याने लोंबता ठेवला तेव्हा बरंच सुधारलं. तरीही वरची मोजणी आम्ही टॅगवर सोडलेली नाही. एकेका रंगाची एकच साडी, प्रत्येकीचा क्रमांक वेगळा, तिथं तुमचा बारकोड आणि सासऱ्यांची नजर पुरते. या मजल्यापुरते तुम्ही जिंकलात.

एक अपवाद सांगते. बस्त्याची मंडळी आली की गादीवर साठ-सत्तर साड्या पडतात. ती उठून गेल्यावर घड्या घालताना एक गढवाल सापडेना. पसंतीला दिलेल्यांत नव्हती, बिलात नव्हती. सगळ्यांचे चेहरे उतरले. मशीनवर क्रमांक टाकून शोधायची सोय असते, जवळ गेलं की पीप-पीप वाढते. ते वाजत वाजत एका सुती नऊवारीपाशी थांबलं, तिच्या घडीत ही गुंडाळली गेली होती. सासरे त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण आता ते मशीन रात्री चार्जिंगला तेच लावतात.

लेखात न लिहिलेल्या फजित्या दोन. पहिली: रेडिमेडच्या मागची भिंत प्लायवुडची आहे, पलीकडे गोडाऊन. मशीन भिंतीपलीकडचे खोकेही मोजायचं आणि सगळं रॅकवर असल्यासारखं दाखवायचं. ताकद कमी करून आणि भिंतीकडे पाठ करून चालायची सवय लावून ते आटोक्यात आणलं. दुसरी: एका मंगळवारी विकलेले ४३ नग दुकानात हजर दिसले. दोन तास बिलं तपासली, रिटर्नची वही तपासली. शेवटी काउंटरखालची कचऱ्याची टोपली निघाली. विकताना कापलेले टॅग त्यातच पडून होते आणि मशीनने विचारलं की इमानदारीत हाक देत होते. तेव्हापासून टॅग गिऱ्हाइकाबरोबर पिशवीत जातो.

झारा या स्पेनच्या कपड्यांच्या कंपनीने आरएफआयडी वापरत असल्याचं २०१४ मध्ये जाहीर केलं तेव्हा त्यांनी चिप चोरीविरोधी पिनेत बसवली होती, काउंटरवर पिन काढायची आणि पुन्हा वापरायची. डोकेबाज आहे. पण रेशमाला भोक पाडणारी पिन आपल्याकडे कोण लावू देईल?

खर्चाचं तुम्ही नीट विचारलंत, म्हणून सांगते. आम्हाला टॅग नगाला सहा रुपयांच्या आत पडला, हातातलं मशीन लाखाच्या आसपास, वर सॉफ्टवेअरचे दरवर्षीचे पैसे. ३९९ च्या लेगिंगला सहा रुपये चालतात. दीडशेच्या बनियन जोडीला मी लावलेले नाहीत, हातरुमाल आणि मोज्यांना तर नाहीच. आणि तुम्ही ऑनलाइन विकत नसाल, सगळं गिऱ्हाईक समोर येत असेल, तर माझ्या मते हा खर्च करूच नका. टॅग लावण्याचं काम आमच्याकडे दोन मुली तीन आठवडे करत होत्या, तो पगार वेगळा.

पण तुमचा मुलगा वेबसाइट काढायचं म्हणतोय असं तुम्हीच शेवटी लिहिलंय. तर आधी फुकटातलं एक काम करा. आज रात्री एकच रॅक घ्या, सगळ्यात जास्त रंग-साइज असलेला. एकूण मोजू नका. एकेक रंग, एकेक साइज कागदावर लिहा आणि कॉम्प्युटरशी ओळीने ताडून बघा. शंभरातल्या पाच-सात ओळी चुकल्या तर बारकोडवरच चालू द्या, मी माझे शब्द मागे घेईन. तीस-चाळीस चुकल्या तर मला फोन करा, नंबर दुकानाच्या पाटीवर आहेच. घ्यायचं ठरलं तरी लग्नसराईत हात घालू नका. आषाढात दुकान रिकामं असतं तेव्हा टॅग लावायला बसा, म्हणजे दिवाळीचा माल टॅग लावूनच रॅकवर जाईल.