'लहान गावाला मंदी लागत नाही' हा मेसेज चुकीचा आहे, एकेक मुद्दा घेऊन सांगतो

सध्या एक मेसेज प्रत्येक ग्रुपवर येतोय, थोडक्यात असा: "देशात मंदी आली की रडतात ती मोठी शहरं. लहान गावाची अर्थव्यवस्थाच वेगळी, तिला देशाच्या मंदीशी घेणंदेणं नाही. नोकरी गेलेला माणूस गावी येतो आणि गाव त्याला सामावून घेतं. दुकानांत गर्दी तशीच असते. बेकारीचा आकडा वाढत नाही. गावाने पैसा गावातच फिरवला तर मंदी शिवतसुद्धा नाही. आणि थोडी झळ लागलीच तर देश सावरला की गाव आपोआप सावरतं."

वाचायला बरं वाटतं म्हणून लोक पुढे पाठवतात, त्यात कुणाचा वाईट हेतू नाही हे मला कळतं. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर अर्धवट आहे किंवा सरळ चूक आहे, आणि ज्यांच्या घरात खरंच कमाई आटलीय त्यांना हे वाचून आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं, म्हणून एवढं लिहितोय.

पहिला मुद्दा, अर्थव्यवस्था वेगळी असते. हो, असते. पण वेगळी म्हणजे सुरक्षित असं कुणी सांगितलं? मोठ्या शहराच्या अंगाखाली दहा-वीस धंदे असतात, एक बसला तर दुसरा उभा असतो. लहान ठिकाण बहुतेक वेळा एका-दोन गोष्टींवर जगतं, एखादा कारखाना, एखादी खाण, एकच पीक किंवा बाहेरगावी गेलेल्या पोरांनी पाठवलेला पैसा. त्या एकाच गोष्टीला मंदीने हात घातला की गावाची हालत देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वाईट होते.

अमेरिकेत इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाची काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथला मुख्य धंदा म्हणजे ज्यात राहता-झोपता येतं अशा प्रवासाच्या मोठ्या गाड्या बनवणं, आरव्ही म्हणतात त्यांना. आता विचार करा, अशी गाडी लोक कर्ज काढून घेतात, ती गरजेची नसते, त्यामुळे हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री तिलाच लागते. २००८ ची मंदी आली आणि २००९ च्या सुरुवातीला तिथली बेकारी १९ टक्क्यांच्या आसपास गेली. अख्ख्या देशात ती सगळ्यात जास्त झाली तेव्हा १० टक्के होती, ऑक्टोबर २००९ मध्ये. म्हणजे लहान ठिकाणाला मंदी लागली ती जवळपास दुप्पट लागली. आणि त्याच वेळी नॉर्थ डाकोटा राज्यात बेकारी ४ टक्क्यांच्या जवळपास होती, कारण तिथे बाकेनच्या खडकातून तेल काढायचं काम जोरात चालू झालेलं, विलिस्टनसारख्या गावात लोकांना राहायला जागा मिळेना. हे उदाहरण मेसेजवाल्यांच्या बाजूचं आहे असं वाटेल, पण पुढचं पण बघा ना. २०१४ च्या मध्यापर्यंत शंभर डॉलरच्या वर असलेलं तेलाचं बॅरल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्याही खाली आलं, आणि देशाचं बरं चाललेलं असताना विलिस्टनमध्ये मात्र कामं गेली, भाड्याची घरं रिकामी पडली. लहान गाव तेव्हाही वेगळंच होतं, फक्त या वेळी उलट्या बाजूने. म्हणून देशात मंदी आहे की नाही यावरून गावाचं काय चाललंय ते कळत नाही, गाव कशावर जगतं ते आधी बघावं लागतं.

याला जोडूनच एक गोष्ट, कारखान्यातली कामं गेली म्हणजे तेवढीच गेली असं नसतं. एन्रिको मोरेत्ती या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी घेऊन मांडलं होतं की उत्पादन क्षेत्रात एक नोकरी वाढली की त्याच शहरात स्थानिक सेवांच्या साधारण १.६ नोकऱ्या उभ्या राहतात. न्हावी, शिंपी, रिक्षावाला, ट्यूशन घेणारी बाई, हे सगळे त्या पगारावर चालतात. लहान गावात हा आकडा कमी भरेल कारण बरीचशी खरेदी बाहेरच होते, पण चक्र उलटं फिरायला लागलं की ते याच लोकांच्या अंगावरून जातं हे नक्की.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. गाव सामावून घेतं. २००८ च्या शेवटी सुरतचा हिऱ्यांचा धंदा बसला, परदेशातली मागणी गेली, पैलू पाडणारे कारागीर हजारोंनी सौराष्ट्रातल्या आपल्या गावांकडे परतले. मेसेजच्या हिशोबाने गावाने त्यांना सामावून घेतलं. प्रत्यक्षात काय होतं सांगतो, तो माणूस शहरात असताना दर महिन्याला घरी पैसे पाठवत असतो, त्यावर म्हातारा-म्हातारीचं औषध, पोरांची फी, शेतीचं बी-खत चालतं. तो परत आला म्हणजे ते पैसे बंद आणि खाणारं तोंड एक वाढलं, एकाच दिवशी दोन्हीकडून मार. त्यात त्याच शेतात पाच माणसांचं काम आता आठ जण करतात, पीक काही वाढत नाही, वाटणी तेवढी लहान होते. अर्थशास्त्रात याला छुपी बेकारी म्हणतात.

आणि हे फक्त एका धंद्याचं नाही. आपल्या देशात वर्षानुवर्षं शेतीवरच्या माणसांचं प्रमाण कमी होत चाललं होतं, २०१८-१९ मध्ये कामगारांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते. २०१९-२० मध्ये ते ४५.६ झाले आणि २०२०-२१ मध्ये ४६.५. उलटी गंगा वाहिली. शेतीत अचानक काही सोनं पिकलं नव्हतं, बाकी सगळी दारं बंद झाली म्हणून लोक तिथे जाऊन उभे राहिले. त्याच २०२०-२१ मध्ये मनरेगाची कामं सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांवर गेली, आदल्या वर्षी ती २६५ कोटींच्या आसपास होती. गाव सामावून घेत असतं तर खड्डे खणायला आणि बांध घालायला एवढी माणसं उन्हात रांगेत उभी राहिली नसती. सामावून घेतलं ते घरच्यांनी, आपल्या पोटाला चिमटा काढून. त्याला "गावाची ताकद" म्हणून मिरवणं मला पटत नाही.

तिसरं, दुकानात गर्दी दिसते. गर्दी दिसतेच, मीठ-तेल-साबण कुणाला चुकलंय. पण लहान गावात विक्री थांबायच्या आधी वसुली थांबते. माल वहीवर जातो, आधी महिन्याला खातं चुकतं करणारा गडी आता दोन महिन्यांनी येतो, मग थोडेच देऊन जातो, दुकानदार वरच्या व्यापाऱ्याला तेच करतो, तो त्याच्या वरच्याला. बाहेरून बघणाऱ्याला गिऱ्हाईक दिसतं, उधारीची वही दिसत नाही. मोठा पुडा घेणारे लहान पुडा घेतात, नवं घेणारे जुनं दुरुस्त करून घेतात. दुकानदाराला विचारा, गर्दी किती ते नको, येणं किती बाकी आहे ते विचारा.

चौथा मुद्दा बेकारीच्या आकड्याचा, आणि इथे थोडं थांबायला हवं कारण आकडा म्हटला की लोकांचा वाद संपतो. सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार नेहमीच्या स्थितीप्रमाणे, म्हणजे माणूस गेलं वर्षभर काय करत होता ते बघून, मोजलेली बेकारी २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होती, २०१९-२० मध्ये ४.८ आणि २०२०-२१ मध्ये ४.२. म्हणजे ज्या आर्थिक वर्षात देशाचं उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी आक्रसलं साधारण त्याच काळात बेकारी कमी झाली! आकडा खोटा नाही. पण घरच्या शेतात किंवा घरच्या टपरीवर पगार न घेता हात लावणारा माणूससुद्धा त्यात रोजगारात धरला जातो, आणि काम शोधतही नाही, करायला तयारही नाही असा माणूस बेकारांत मोजलाच जात नाही. शहरात पगारावर असलेला पोरगा गावी येऊन बापाबरोबर शेतात जायला लागला की सर्वेक्षणाच्या दृष्टीने तो आधीही कामाला होता, आताही कामाला आहे. त्याच्या खिशात आता काय येतं हे त्या एका टक्केवारीत कुठेच नाही. लहान जागेची खरी अवस्था बघायची तर महिन्यात कामाचे दिवस किती भरले, मजुरीचा दर हलला का, दागिने गहाण ठेवायला किती जणी गेल्या हे बघावं लागतं. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्यावर बँकांकडून मिळणाऱ्या बिगरशेती कर्जाची मर्यादा किमतीच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेली होती, काही महिन्यांसाठी. लोकांना घरातलं सोनं काढावं लागतंय हे वरपर्यंत कळलं होतं, मेसेज लिहिणाऱ्यापर्यंत ते पोचायला हवं होतं.

पाचवं, पैसा गावातच फिरवा. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. ऑस्ट्रियात व्हर्गल नावाचं साधारण ४ हजार वस्तीचं गाव, तिथले महापौर मिखाएल उंटरगुगेनबेर्गर यांनी जुलै १९३२ मध्ये गावापुरत्याच चालणाऱ्या 'कामाच्या नोटा' काढल्या. त्या नोटेची किंमत दर महिन्याला एक टक्का कमी व्हायची, म्हणून कुणी ती दाबून ठेवायचा नाही, लगेच खर्च करायचा. त्यातून रस्ते झाले, पूल झाला, लोकांना काम मिळालं. पण मंदी शिवली नाही असं तिथेही नव्हतं, शिवली म्हणूनच तर हे करावं लागलं. आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेने १९३३ मध्ये ते बंद पाडलं, सव्वा वर्षही चाललं नाही. शिवाय डिझेल, खत, औषध, मोबाइलचा रिचार्ज, हे गावात बनत नाही, त्यासाठी पैसा बाहेर जाणारच, आणि जेवढा जातो तेवढा बाहेरून यायला हवा. येणारी वाट बंद झाली की आतलं फिरवणं किती दिवस पुरणार.

शेवटचा, आपोआप सावरतं. एल्कहार्ट सावरलं हे खरंय, २०१८ पर्यंत तिथे कामाला माणसं मिळेनात, पण ते यासाठी की गाड्यांची मागणी परत आली आणि कारखाने जागेवर होते. सगळीकडे असं होत नाही. अर्थतज्ज्ञ डॅनी यागन यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की २००८ च्या मंदीचा जास्त मार बसलेल्या अमेरिकेतल्या भागांत २००७ मध्ये जे लोक राहत होते ते २०१५ मध्येसुद्धा इतरांपेक्षा कमी प्रमाणात कामाला होते, तोवर त्या भागांतला बेकारीचा दर बाकीच्यांच्या बरोबरीला आलेला असूनही. देशाची मंदी कागदावर संपून सहा वर्षं झाली होती.

या काळात माणसाच्या आत काय होतं ते व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थालमध्ये नोंदवलं गेलंय. तिथली कापडाची गिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली, जवळपास अख्खं गाव तिच्यावर होतं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांच्या गटाने १९३१-३२ मध्ये तिथे राहून एकेक घर बघितलं. वेळच वेळ होता म्हणून लोक जास्त वाचतील असं वाटेल, पण वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली होती. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. बायका भरभर चालत होत्या, घरचं काम संपलेलं नव्हतं. पुरुष चार पावलं टाकून थांबायचे, परत चालायचे, परत थांबायचे, कारण कुठे वेळेवर पोचायचंच नव्हतं.