राजीनामा दिला नसता तर...

"राजीनामा दिला नसता तर सुप्रीम कोर्टाने उद्धवजींना पुन्हा खुर्चीवर बसवलं असतं. कोर्टानेच शिंदे सरकार बेकायदा ठरवलं आणि १६ आमदारांना अपात्र करायला सांगितलं." शिवसेनेतल्या फुटीवर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा ११ मे २०२३ चा निकाल आला तेव्हापासून हा मजकूर फिरतोय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर निवडणूक आली की हमखास उगवतो. पाठवणारे बहुतेक ठाकरेंच्या बाजूचे. त्या निकालात त्यांच्या बाजूचं जे खरोखर होतं, ते या मजकुरात शोधून सापडत नाही.

आधी खुर्चीचं बघू. कोर्ट म्हणालं ते एवढंच: ठाकरे बहुमत चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून पायउतार झाले, त्यामुळे जुनी स्थिती परत आणता येत नाही, राजीनामा नसता तर त्यांचं सरकार परत आणण्याचा विचार करता आला असता. 'विचार करता आला असता' म्हणजे 'बसवलं असतं' नव्हे.

२९ जून २०२२ ची रात्र आठवा. दुसऱ्या दिवशीची चाचणी थांबवायला कोर्टाने नऊच्या सुमारास नकार दिला. पण चाचणीचा निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन राहील, हेही त्याच आदेशात होतं. टीव्हीवर मात्र 'स्थगिती नाही' हीच पट्टी. थोड्या वेळाने फेसबुक लाइव्ह, मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा, सोबत विधान परिषदेच्या आमदारकीचाही, आणि मग स्वतः गाडी चालवत राजभवन.

समजा, ते थांबले असते आणि चाचणी हरले असते. ४ जुलैच्या बहुमत चाचणीत शिंदेंच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९ मतं पडली. आकडे काही लपलेले नव्हते. पुढे कोर्टाने सरकार परत आणलं असतं, तरी माणसं कुठून आणणार? अरुणाचलमध्ये हे घडून गेलंय. १३ जुलै २०१६ ला याच कोर्टाने नबाम तुकींचं सरकार परत आणलं. तीनच दिवसांत, बहुमत सिद्ध करायच्या दिवशी, तुकी बाजूला झाले आणि दुसऱ्या दिवशी पेमा खांडू मुख्यमंत्री झाले.

आता 'बेकायदा सरकार'. कोर्टाने चूक धरली ती राज्यपाल कोश्यारींच्या बहुमत चाचणीच्या आदेशात. ज्या ३४ आमदारांच्या ठरावावर ते विसंबले, त्यात सरकारचा पाठिंबा काढल्याचं कुठेही नव्हतं. आमदारांच्या सुरक्षेची काळजी हे बहुमत गेल्याचं लक्षण नाही. आणि पक्षातलं भांडण सोडवणं हे राज्यपालांचं काम नव्हे. खरं तर निकालातला सगळ्यात झणझणीत भाग हाच, आणि फॉरवर्डवाल्यांनी नेमका तोच गाळलाय! पण राजीनाम्यानंतर शिंदेंना सरकार बनवायला बोलावणं कोर्टाने योग्य ठरवलं. त्यामुळे सरकार बेकायदा असं निकालात कुठेही नाही. (दुसऱ्या बाजूचा 'क्लीन चिट मिळाली' हा मेसेजही तितकाच पोकळ. राज्यपालांचा आदेश चुकीचा ठरतो तिथे क्लीन चिट कसली?)

राहिले शिंदेंच्या बाजूचे १६ आमदार. अपात्रतेचा निर्णय आम्ही घेणार नाही, विधानसभा अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा, असं कोर्ट म्हणालं. 'अपात्र करा' असं नाही. वाजवी मुदत म्हणजे किती, यावरून पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कोर्टाने मुदत दिली आधी ३१ डिसेंबर २०२३, मग १० जानेवारी २०२४. त्या दिवशी अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी दोन्हीकडच्या एकालाही अपात्र केलं नाही आणि शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली.

ठाकरेंच्या समर्थकांनी चिडायचं तर प्रतोदाच्या भानगडीवर चिडावं. प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षादेश (व्हिप) बजावणारा, राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष (सभागृहातला आमदारांचा गट) नाही, असं सांगून कोर्टाने शिंदे गटाच्या भरत गोगावलेंना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरवली होती. नार्वेकरांनी आधी पक्षच शिंदेंचा ठरवला. मग ओघानेच २१ जून २०२२ पासून ठाकरे गटाचे सुनील प्रभू प्रतोद उरले नाहीत आणि गोगावलेंची नेमणूक वैध झाली. फॉरवर्डमध्ये गोगावलेंचं नावसुद्धा नाही.