अग्निगोल दिसला तर आधी मोबाईल काढू नका

आकाशातून पेटता गोळा जाताना दिसला की हात खिशाकडे जातो. कॅमेरा सुरू होईस्तोवर तो विझलेला असतो. माझं ठाम मत: ते तीन-चार सेकंद डोळे भरून बघा आणि मग नीट नोंद करा.

शुक्राहून तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल. वेग सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर, म्हणून सगळं झटक्यात आटोपतं. तुकडे होत, आडवं, मिनिटभर रेंगाळत गेलं तर तो बहुधा अवकाशातला कचरा. 2 एप्रिल 2022 ला महाराष्ट्रात दिसला तो चिनी रॉकेटचा भाग होता, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचं कडंही सापडलं. गोव्यात बागा-कळंगुटकडे वाऱ्याबरोबर सरकत मंद होणारा नारिंगी ठिपका म्हणजे कुणीतरी सोडलेला कागदी कंदील.

नोंद करताना जागचे हलू नका. कुठल्या माडाच्या शेंड्याशी दिसला, कुठल्या खांबामागे विझला ते धरून ठेवा. हात ताणून मूठ धरली की साधारण 10 अंश. क्षितिजापासून किती मुठी ते मोजा, कारण नुसत्या नजरेने उंची हमखास जास्त वाटते. दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर घ्या, पण गाडीपासून लांब उभं राहून, लोखंडाने ते चुकतं. वेळ लिहा आणि स्फोटाचा आवाज येतो का ते ऐकत पाच मिनिटं थांबा, काचेपासून दूर. आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात. रशियात चेल्याबिन्स्कला 2013 मध्ये अग्निगोल फुटला तेव्हा लोक उजेड बघायला खिडकीशी गेले, आणि दोनेक मिनिटांनी काचा अंगावर आल्या.

गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याची एक आणि दक्षिण टोकाच्या काणकोणची एक अशा दोन चांगल्या नोंदी जुळल्या तरी मार्ग काढता येतो. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर त्यासाठी अर्ज आहे.

"पलीकडच्या डोंगरामागे पडला" हे मात्र जवळजवळ कधीच खरं नसतं. 30 किलोमीटर उंचीवर विझलेला गोळा पणजीहून पूर्वेला एका मुठीवर दिसला, तर तो 170 किलोमीटरवर, हुबळीच्याही पुढे असतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी रानातून काळा दगड उचलून आणू नका. भोकाभोकांचा असेल तर तो जांभा. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात लोहचुंबकही फसवतो, तिथलं काही खनिजही त्याला चिकटतं. लादीच्या खरखरीत पाठीवर घासून बघा: तांबडी किंवा काळी रेघ उमटली तर ते लोहखनिज. अशनीची, म्हणजे उल्केच्या जमिनीवर पडलेल्या दगडाची, रेघ सहसा उमटतच नाही.