समृद्धीला निघताना टायरची हवा कमी करू नका

"काका, समृद्धीला चाललाय ना? मग 28 च ठेवतो. सिमेंटचा रस्ता आहे, टायर तापतो, हवा फुगते."

दिवाळीत संभाजीनगरला निघालो तेव्हा घोडबंदर रोडवरच्या एका पंपावर हवा भरणारा मुलगा मला असं म्हणाला आणि मी मान डोलावली. त्याला दोष देत नाही. हेच मला माझ्या मेहुण्यानं सांगितलं होतं, सोसायटीतल्या दोघांनीही. पाच माणसं, डिकीत बॅगा आणि फराळाचे डबे. आमण्याला समृद्धीवर चढलो आणि शंभर-एकशेदहानं सुटलो.

परत आल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. पंक्चरवाल्या दादांनी मागचं डावं चाक काढलं. बारीक खिळा होता, हवा हळूहळू जात होती. मग त्यांनी टायर रिमवरून उतरवून फरशीवर आपटला आणि आतून मूठभर काळी भुकटी पडली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "टायरच आहे हा. आतून घासून निघालाय." बाजूच्या रबरावर गोल काळा पट्टा उमटला होता. "असाच अजून पळवला असता तर फुटला असता." आई त्याच बाजूला बसली होती. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही.

म्हणून हे कळकळीनं लिहितोय. टायर तापतो हे खरं, पण तो तापण्याचं मोठं कारण कमी हवा हेच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. शंभरच्या वेगाला आपल्या साध्या गाडीचं चाक मिनिटाला साडेआठशे-नऊशे वेळा फिरतं. एखादी तार पुन्हापुन्हा वाकवली की हाताला गरम लागते, तसंच हे. त्यात गाडी भरलेली आणि वेग तासभर एकसारखा. उष्णतेनं रबर आणि आतले धागे सुटायला लागतात आणि टायर फुटतो. म्हणजे टायर फुटू नये म्हणून आपण हवा कमी करतो आणि नेमकं फुटण्याचंच कारण तयार करतो!

तापल्यावर हवेचा दाब वाढतो, साधारण दर 5-6 अंशांना 1 पॉइंट (psi, म्हणजे पंपावरचे 28, 33 हे आकडे ज्यात असतात ते माप). ही वाढ कंपनीनं आकडा ठरवतानाच धरलेली असते. म्हणून वाटेत फूड मॉलला थांबून गरम टायरमधून हवा काढणंही चूकच.

मग आकडा कोणता? ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, दरवाजा जिथे बंद होतो त्या खांबावर स्टिकर असतो; काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. माझ्या गाडीवर दोन-तीन माणसांना 33 आणि गाडी भरलेली असेल तर मागे 36 लिहिलंय. मी 28 वर गेलो होतो. सात वर्षं रोज तो दरवाजा उघडतोय, कधी वाचलं नव्हतं. टायरवर कोरलेला हवेचा मोठा आकडा मात्र भरायचा नसतो, ती त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी हवा भरली तर टायर जास्त करून मधल्या पट्ट्यावर टेकतो, पकड कमी होते आणि मधूनच झिजतो.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. कासारवडवलीहून माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून पंपावर पोचेपर्यंत टायर कोमट झालेला असतो. म्हणून मी आता छोटा गेज घेतलाय आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी पार्किंगमध्येच मोजतो. पंधरा दिवसांतून एकदा, आणि गावी निघताना हमखास. पाच मिनिटं लागतात. स्टेपनीसुद्धा मोजा, माझ्या स्टेपनीत जेमतेम 15 होती. नायट्रोजन भरलंय म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि खिळ्यातून दोन्ही सारखेच निघून जातात.

पावसाळ्याआधी टायरच्या खाचा बघा. खाचेत आडव्या बारीक पट्ट्या असतात, 1.6 मिलिमीटर उंचीच्या. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर गोटा झाला, बदलायचा. बाजूला फुगा दिसला तर त्याच दिवशी.

मागच्या आठवड्यात पुन्हा त्याच पंपावर गेलो होतो. त्याच मुलाला दरवाजा उघडून स्टिकर दाखवला. त्यानं वाकून दोनदा वाचला, मग विचारलं, "काका, बाइकचा कुठे असतो?" त्याची बाइक मागेच उभी होती. चेनकव्हरवरचा चिखल आम्ही फडक्यानं पुसला. एकट्याचा वेगळा, डबलसीटचा वेगळा, दोन्ही आकडे तिथे होते.